झिपरीचे दोन गजर

जंगलात कॉम्प्युटर नुकताच आला होता, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट. त्या कॉम्प्युटरमध्ये गवंडी नावाचा एक प्रोग्रॅम राहायचा. हुकूम मिळाला की तयार साच्यातून तो चुटकीसरशी नवा प्रोग्रॅम उभा करून द्यायचा. आधी फक्त विचारायचा, "नाव काय ठेवू?"

झिपरी खार तर आनंदाने वेडीच झाली. नाव सुचेपर्यंत थांबतंय कोण? तिने नुसतं एंटर दाबलं. गवंडीने साच्यातलंच 'अमुक' हे नाव ठेवलं आणि घुबडकाकांचा संध्याकाळचा गजर तयार झाला. झिपरीने शेपटीभोवती गिरकी घेतली आणि कोंबडेरावांचा पहाटेचा गजर करायला घेतला.

"याचंही नाव अमुकच?" गवंडीने विचारलं.

"हो रे बाबा, कर लवकर."

नाव एकच, म्हणून नवा गजर जुन्याच्या जागी जाऊन बसला आणि जुना पुसला गेला. संध्याकाळी गजर वाजलाच नाही; रात्रभर झोपून राहिलेल्या घुबडकाकांना थेट पहाटेच्या गजराने जाग आली. उजाडल्यावर उन्हाने डोळे दिपलेले काका आधी चिंचेवर आपटले, मग एका गव्याला चिंच समजून त्याच्या डोक्यावर बसले. सगळं जंगल हसून हसून लोळलं. झिपरी सगळ्यांत जास्त लोळली.

काका हसले नाहीत. "माझ्यासाठी केलास ना गं," ते म्हणाले, "मग माझं नावसुद्धा आठवलं नाही?"

झिपरी उठून कॉम्प्युटरपाशी गेली.

"नाव काय ठेवू?" गवंडीने विचारलं.

एंटरवर गेलेला पंजा तिने मागे घेतला. "'घुबडकाका' ठेव. पण थांब जरा. काकांना किती वाजता उठायचंय, तेही विचारून येते."