बकुळची खिरापत

सगुणा नाशकात आली तेव्हा तिच्याजवळ धड परकर एकच होता आणि मैत्रीण एकही नव्हती. आई कॉलनीच्या फाटकाशी लोकांचे कपडे इस्त्री करायची. सगुणा कोळशांना वारा घालायची आणि समोरच्या बागेकडे बघत राहायची.

भोंडल्याचे दिवस होते. रोज संध्याकाळी पाटावर हत्ती काढून मुली त्याच्याभोवती फेर धरायच्या. पिवळे, मोरपंखी, डाळिंबी परकर असे गरगरायचे, की जणू बागेत एक भलंमोठं फूलच फिरतंय. मग झाकलेला डबा यायचा आणि आतली खिरापत ओळखायला एकच गलका व्हायचा.

एकदा धीर करून सगुणाने विचारलं, मी येऊ का? त्यांच्यात मोठी होती ईशानी. तिने सगुणाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"खिरापत ओळखलीस तर ये. नाहीतर फाटकाशीच बरी आहेस."

सगुणा गुलबक्षीच्या ताटव्याआड जाऊन रडली. एक टपोरा थेंब मिटल्या कळीवर पडला. कळी हळूच उमलली आणि आतून इवलीशी परी निघाली. गुलाबी पंख, केसांत चांदण्यांची चुरी, पायांत दवाचे पैंजण.

सगुणाने तिला मनातलं सांगितलं.

"माणसांची मनं मला वळवता येत नाहीत गं," परी म्हणाली. "पण डब्यातला पदार्थ तुझ्या कानात आपलं नाव सांगेल, एवढं करते. नेम मात्र दोन. हे कुणाला सांगायचं नाही. आणि नाव कळूनही दुसरंच बोललीस, तर देणगी गेली. पुन्हा मिळायची नाही."

त्या दिवसापासून सगुणा फेरात आली. डिंकाचे लाडू, अळूवडी, नारळाची बर्फी. डबा हलला की तिला कळायचंच. पण डबा येईपर्यंत तिला रोज धास्ती असायची. आज आवाज आलाच नाही तर? शिवाय जिची खिरापत असे, तिचा चेहरा पहिल्याच हाकेला पडायचा. कुणी सगुणाशी नीट बोलेना. फक्त धाकटी बकुळ इस्त्रीच्या टेबलाशी येऊन गप्पा मारायची.

एके दिवशी बकुळची पाळी आली. तिची आई तापाने निजून होती. बकुळने एकटीने खिरापत केली होती. बोटाला चटकाही बसला होता. ती सगुणाला हळूच म्हणाली, "आज कुणी ओळखू नये, असं फार वाटतंय गं."

डबा आला. लाडू, वड्या, करंज्या, सगळं सांगून झालं. बकुळ मान हलवत राहिली. तिचे गाल लालेलाल झाले. सगुणाच्या कानात केव्हाचं कुजबुजत होतं: घारगे, लाल भोपळ्याचे घारगे.

"गप्प का?" ईशानी म्हणाली. "ओळख, नाहीतर उद्यापासून फेरात नाहीस."

सगुणाला फाटक दिसलं, कोळसे दिसले. मग तिने बकुळच्या बोटाकडे पाहिलं.

"शंकरपाळे," ती म्हणाली.

"हरलात, सगळ्या हरलात!" बकुळ नाचायला लागली. सगुणाच्या कानातली कुजबुज विझून गेली.

ईशानीने फाटकाकडे बोट दाखवलं. सगुणा निघाली. चार पावलं झाली असतील, तोच बकुळने येऊन तिचा हात धरला. "ओळखलं तर कुणीच नाही, मग हिलाच का?" ती म्हणाली. बकुळचा हात दुसरीने, दुसरीचा तिसरीने, आणि बघता बघता सगळा फेरच सगुणाभोवती येऊन उभा राहिला. पाटाजवळ उरली एकटी ईशानी.

"आता मी काय हत्तीशी खेळू?" ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

मुली हसल्या. सगुणा हसली नाही. तिने आपला दुसरा हात पुढे केला.

तेवढ्यात ताटव्यातून नाजूक आवाज आला. तो फक्त सगुणालाच ऐकू आला. "देणगी गेली, सगुणे. वाईट वाटतंय?"

"थोडंसं," सगुणा पुटपुटली.

परी खुदकन हसली. तिच्या पंखांतून सोनेरी, गुलाबी उजेड सांडला, मुलींच्या केसांवर, परकरांवर, घारग्यांवर चमकला आणि विरून गेला. ईशानीने सगुणाचा हात घट्ट धरला आणि फेर फिरू लागला.