माघस्नानातलं कापरं

“म्हणजे व्रत आजही मोडलंच ना, आक्का?”

वेणूताई नुकत्याच नदीतून वर आल्या होत्या. ओल्या लुगड्यानिशी त्या घाटाच्या पायरीवर उभ्या राहिल्या. एवढं विचारण्यापुरते त्यांनी दात सोडले आणि पुन्हा घट्ट आवळले.

वरच्या ओट्यावर तुंगाक्का घोंगडी लपेटून बसल्या होत्या. घाटावरच्या मठीत त्या एकट्याच राहत. नामाशिवाय त्यांना दुसरा संसार नव्हता.

“आधी सांग, नेम काय धरला होतास?”

“तुम्हाला ठाऊक आहे.”

“मला ठाऊक आहे. तुला आहे का, ते बघते.”

पौषी पौर्णिमेला वेणूताईंनी देवीपुढं संकल्पाचं पाणी सोडलं होतं. महिनाभर पहाटे कृष्णेत माघस्नान करायचं आणि बाहेर आल्यावर अंगाला कापरं भरू द्यायचं नाही.

त्याला कारण होतं. मार्गशीर्षात त्यांची लेक नलू सासरी गेली. तेव्हापासून पानं मांडताना हात एक पान जास्तीचं मांडून बसे आणि डोळे भरून येत. म्हणून त्या तुंगाक्कांकडे अनुग्रह मागायला आल्या. एकदा कानात नाम पडलं की मनाला विसावा मिळेल, असं त्यांना वाटे.

आक्का तेव्हा एवढंच म्हणाल्या होत्या, “आधी स्थिर हो.”

वेणूताईंनी तो शब्द पदराच्या गाठीला बांधून घरी नेला आणि स्थिर म्हणजे अंगही हलू द्यायचं नाही, असा अर्थ लावला. सोळा सोमवारांसकट आजवर हातचं एकही व्रत सुटलं नव्हतं. चारचौघींत बसल्या की तेवढं सांगितल्यावाचून त्यांना राहवतही नसे.

पण हुडहुडी काही सोळा सोमवारांना भीक घालीना. कापरं भरलं की त्यांच्या लेखी व्रत मोडलं. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

“आज कितवा दिवस तुझा?” आक्कांनी विचारलं.

“पहिला.”

“आणि काल?”

“...पहिलाच.”

“आज माघी पौर्णिमा. गावाचा महिना संपला. तुझा अजून उंबऱ्यातच आहे की गं.”

वेणूताईंना हसू आलं नाही. आज उद्यापन. आज व्रत पुरं झालं नाही, तर अनुग्रह कुठल्या तोंडानं मागायचा?

“तुम्हाला हसायला काय होतंय, आक्का. मी रोज येते तेव्हा तुमचं स्नान आटोपलेलं असतं. दगडासारख्या बसलेल्या असता. माळ तेवढी हलते.”

“आज डोळा लागला. माझं व्हायचंय अजून.”

आक्का उठल्या नाहीत. घोंगडीतून हात काढून त्यांनी वेणूताईंना जवळ बोलावलं.

“नलू लहान होती. तिला ताप यायचा, तेव्हा हात कुठं लावून बघायचीस?”

“काखेत.”

“कपाळाला का नाही?”

“कपाळ वाऱ्यानं गार पडतं. काख खोटं बोलत नाही.”

“मग घाल हात.”

“कुणाच्या?”

“माझ्या कशाला? तुझ्या.”

वेणूताईंनी इकडंतिकडं पाहिलं. घाटावर कुणी नव्हतं. त्यांनी गारठलेली बोटं काखेत सरकवली...

बोटं सुन्न होती. आधी काहीच कळलं नाही. मग हळूहळू कळलं.

“काय लागतंय?”

“ऊब.”

“केवढी?”

“नेहमीएवढीच.”

“वैशाखात गच्चीवर पापड वाळत घालतेस, घामानं चोळी भिजते. तेव्हा हात घातलास तर?”

वेणूताईंनी आठवून पाहिलं. “तेव्हाही... एवढीच.”

“वर वैशाख, वर माघ. आत केवढी?”

“एवढीच.”

“मग ती राखली कुणी? तू तर दात आवळून बसली होतीस.”

वेणूताईंनी काखेकडे पाहिलं. हात तसाच काखेत राहिला.

“अंग कापलं म्हणून आतलं ढळत नाही...?” त्यांनी हळूच विचारलं.

आक्का उठल्या. घोंगडी त्यांनी वेणूताईंच्या हातात दिली आणि एकेक पायरी उतरत त्या पाण्यात गेल्या. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. मग पूर्ण बुडी.

वर आल्या तेव्हा वेणूताई बघतच राहिल्या.

आक्का थरथरत होत्या. खांदे, हनुवटी, मनगटं, सगळी म्हातारी काया पिंपळपानासारखी सळसळत होती. दातांवर दात आपटत होते. त्यांनी ना मूठ वळली, ना जबडा आवळला. मुखानं नाम चालू होतं. त्याची अक्षरं सुटी सुटी पडत होती, पण एकही गळत नव्हतं.

“आक्का, तुम्ही... कापताय?”

“म-मग? कृष्णामाई काय तुझ्या एकटीसाठी गार झालीय?”

वेणूताई खुदकन हसल्या. हसताना जबडा सुटला आणि महिनाभर अडवू पाहिलेली हुडहुडी कमरेपासून टाळूपर्यंत चढली. तिच्यामागून डोळेही भरले. नलू आठवली. या खेपेला त्यांनी पदर डोळ्यांकडे नेला नाही.

“आक्का, म्हणजे माझा अनुग्रह...”

“घोंगडी ध-धर आधी.”

दोघी एकाच घोंगडीत शिरल्या. आक्कांनी थंडगार ओठ वेणूताईंच्या कानाशी नेले. नाम थरथरत आलं, तुटत तुटत आलं... आणि वेणूताईंना ते पुरतं ऐकू आलं.

आता आपण म्हणायचं. वेणूताईंनी सवयीनं पाठ ताठ केली, श्वास रोखला, अंग आवरलं आणि ओठ उघडले.

आक्कांनी त्यांच्या पाठीवर एक हलकी चापट मारली.

“असं नव्हे गं. मी क-कापत म्हणतेय ना? तूही कापत म्हण.”