रुकय्याची वाक्यं

"चूक दाखवणं हा काय गुन्हा झाला, मास्तर?"

चपला काढायच्या आधीच श्रीरंगनं विचारलं. संतापानं त्याचे कान लाल झाले होते.

सामंत मास्तर पडवीत वाल सोलत बसले होते. खेडच्या दोन पिढ्यांना इंग्रजी त्यांनीच शिकवलेलं, श्रीरंगलाही. आता श्रीरंगचा स्वतःचा इंग्लिश स्पीकिंगचा क्लास होता, आणि तोरा तर विचारूच नका.

"बस."

"बसायला नाही आलो. तुम्ही चला माझ्याबरोबर. बायकांची अख्खी बॅच उठून गेली! तुमचा शब्द त्या मोडणार नाहीत. सांगा त्यांना, सरांचं बरोबर होतं म्हणून."

"झालं काय?"

व्हायचंय काय? घंटी झाली. श्रीरंगच्या क्लासात नियमच तसा. बोलणारा चुकला की सर टेबलावरची घंटी वाजवणार, आणि त्यानं वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणायचं. या नियमाचा त्याला कोण अभिमान!

"ती रुकय्या उभी राहिली. मी घंटी वाजवतोय, ती पुन्हा म्हणतेय, पुन्हा तीच चूक! शेवटी रडत निघून गेली. आणि बाकीच्या उखडल्या माझ्यावर. मला म्हणे काळीज नाही. मी शिकवायचं की लाड करायचे?"

"काय बोलली ती?"

"एकूण एक पाठ आहे माझं." श्रीरंगला आता चेव चढला. "'माय हजबंड गो मस्कत.' गो! वेंट टू नको? मग, 'आफ्टर दॅट फोन नो कम.' याला इंग्रजी म्हणायचं? वर आणि, 'माय सन डेली आस्किंग.' तिथे इज खाल्ला! सांगा, मास्तर, यातली एक तरी घंटी मी उगाच वाजवली का?"

मास्तरांचा हात थांबला होता.

"नाही," ते म्हणाले. "एकही नाही."

"बघा! मी तेच तर ओरडून सांगतोय. चला मग."

मास्तर उठले. खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली. पायरीपर्यंत आले आणि तिथेच उभे राहिले...

"आला का रे फोन?"

श्रीरंग वैतागला. बायका तिकडे क्लास सोडून चालल्यात, आणि यांचं भलतंच काहीतरी.

"कुठला फोन, मास्तर?"



"तिच्या नवऱ्याचा."