जो फोटोत नाही

छायाचित्रकार विश्वंभर पाठारे यांच्या ‘निर्जन’ या चित्रमालेचा मोठा बोलबाला होता. ते कॅमेऱ्याचं शटर दोन-दोन तास उघडं ठेवत, त्यामुळे चालतीफिरती माणसं फोटोत उमटतच नसत. भरल्या कोळीवाड्याचं पार स्मशान होऊन जाई.

त्यांच्यावर माहितीपट करणाऱ्या शाल्मलीने मात्र त्याच वेळी तिथून ये-जा करणाऱ्या बायका, पोरं, म्हातारे सगळे टिपले होते. ते पाहून पाठारे भडकले.

“ही गर्दी काढा. जो माझ्या फोटोत नाही, तो तुमच्या फिल्ममध्येही नको. नाहीतर मी ती दाखवू देणार नाही.”

“बरं सर,” शाल्मली म्हणाली.

आठवड्याने पाठारे नवी फिल्म पाहायला बसले. पडद्यावर ओसाड कोळीवाडा होता. स्टँडवर कॅमेरा एकटाच उभा होता. वाळूत पावलं उमटत होती, पण चालणारं कुणी दिसत नव्हतं. मग त्या रिकाम्या जागेतून त्यांचाच आवाज आला, त्यांचाच खोकला.

पाठारे खुर्चीतून उठले. “मी कुठे आहे?”

“आपण दोन तास आपल्याच कॅमेऱ्यासमोर येरझाऱ्या घालत होतात, सर,” शाल्मली शांतपणे म्हणाली. “फोटोत शोधून पाहा. सापडलात, तर फिल्ममध्ये परत घेते.”