राखून ठेवलेली जागा

“नाही म्हणायचा हक्क मला आहे की नाही, एवढंच सांगा.”

“आहे,” बाबा म्हणाले.

“मग मी नाही म्हणतो.”

“म्हण.”

“म्हणतो कसला! म्हणून झालंय.”

“मग इथं कशाला आलास?”

शांतवन हवालदार उंबऱ्यात उभा होता. पेन्शनीत निघून बरीच वर्षं झाली होती, पण पाठ अजून ताठ होती. मिशा वर. कमरेला किल्ली.

रखमाजीबाबा खाली मान घालून बाजरी निवडत होते. ख्रिस्ती वस्तीच्या टोकाला, चर्चला लागून त्यांची झोपडी. पाळक कधीमधी तालुक्याहून यायचे. एरवी अडलंनडलं लोक बाबांनाच विचारत. बाबा थोडं बोलत. पुष्कळांना ते आवडत नसे.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. वस्तीपासून कोसावर सरकार रस्ता करीत होतं. कामाला इटलीचे युद्धकैदी लावले होते. त्या सकाळी त्यांतला एक जण ऊन लागून मेला. कैद्यांचा कँप लांब. लॉरी बिघडलेली. वैशाखाचा महिना, प्रेत राहणार नव्हतं. पहाऱ्यावरचा जमादार वस्तीत आला आणि म्हणाला, मेलेला ख्रिस्ती आहे, तुमच्या कबरस्तानात जागा द्या.

कबरस्तानाची किल्ली शांतवनाकडे. जागाही शांतवनाचीच म्हणायची. बाकी सगळा कातळ होता. माती होती तिथं कबरी झाल्या होत्या. नवी जमीन अजून मिळायची होती. उरलेली एक जागा त्यानं आपल्या बायकोच्या, मार्थाच्या कबरीला लागून दगड मांडून राखून ठेवली होती.

मुलासाठी. नथानेल आफ्रिकेच्या वाळवंटात इटलीच्या फौजेशी लढताना पडला होता. त्याचं प्रेत आलं नाही. येणारही नव्हतं. तरी दगड मांडलेले होते, आणि त्यांना हात लावायची कुणाची छाती नव्हती.

“जमादाराला सांगितलंस नाही म्हणून?” बाबांनी विचारलं.

“सांगितलं. तो म्हणाला, बाबांना विचारून ये. बाहेर लिंबाखाली बसलाय.”

“म्हणजे त्याचा निरोप घेऊन आलास.”

“मी कुणाचा निरोप्या नाही! तुम्ही एकदा नाही म्हणा. मग वस्तीत कुणी मला बोल लावणार नाही.”

“बोलाला भितोस?”

“शांतवन कुणाला भीत नाही.”

“बरं.”

बाबांनी बाजरीतला खडा काढून दाराबाहेर टाकला.

“त्यांनी माझा पोरगा मारला, बाबा.”

“यानं?”

“याच्या भाऊबंदांनी. एकच ते.”

“नथूच्या हातात काय होतं?”

“बंदूक होती. फौजेत काय टाळ देतात?”

“नाही...”

शांतवनानं मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाला, “त्यानंही पाडले असतील. शूर होता माझा नथू.”

“असतील.”

“ते युद्ध होतं.”

“हो. युद्धच होतं.”

“आणि हा रोमी पंथाचा, पोपला मानणारा. आपल्या कबरस्तानात रोमी कसा चालेल?”

“विचारून बघ त्याला. पंथ बदलतो का.”

बाहेर लिंबाखाली जमादार हसला. शांतवनानं वळून पाहिलं. जमादार खोकू लागला.

“चेष्टा नको, बाबा. शेजाऱ्यावर आपल्याइतकं प्रेम करायचं, ही आज्ञा मला ठाऊक आहे. रविवारी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं मीच म्हणतो.”

“ऐकू येतं. माझी कोंबडी उठून पळते.”

“पण हा शेजारी नाही! समुद्रापलीकडचा माणूस. याचा नि माझा ना बांध एक, ना पाणवठा.”

“अजून नाही झाला शेजारी, खरं आहे,” बाबा म्हणाले. “जागा दिलीस तर होईल. मार्थाचा तरी होईल.”

शांतवनाचा चेहरा लाल झाला.

“मार्थाचं नाव घेऊ नका.”

“राहिलं.”

“ती शेवटपर्यंत दाराकडं बघत होती, बाबा. नथू येईल म्हणून. त्याची जागा आहे ती.”

“त्याचीच आहे.”

“मग?”

बाबांचं सूप हलत राहिलं.

“आता तुम्ही म्हणाल,” शांतवनाचा आवाज चढला, “माझ्या पोराला तिकडं कुणीतरी माती दिली असेल. त्याची फेड म्हणून मी याला द्यावी.”

“मी काही म्हणालो नाही.”

“नसेल दिली! वाळूत टाकला असेल कुत्र्यासारखा!”

“टाकला असेल.”

शांतवन बघतच राहिला. बाबांनी असं म्हणावं असं त्याला वाटलं नव्हतं.

“कुणालाच ठाऊक नाही,” बाबा हळू म्हणाले. “तुलाही नाही. म्हणून तुला झोप येत नाही... इटलीतही कुणाला तरी येणार नाही.”

बाबा उठले. कोपऱ्यातली दोरी घेतली.

“झोप.”

“काय?”

“जमिनीवर झोप. उताणा.”

“कशाला?”

“झोप म्हणतो ना, हवालदार.”

हुकूम ऐकायची सवय जुनी असते. शांतवनानं पागोटं उतरवलं आणि मातीच्या जमिनीवर उताणा पडला. पाय जुळवून, हात सरळ. कवायतीत उभा असल्यासारखा. लिंबाखालून जमादार मान उंच करून बघत होता.

बाबांनी दोरीचं टोक त्याच्या डोक्याशी धरलं. ती ताणत पायांपर्यंत नेली. टाचेपाशी गाठ मारली.

“ऊठ.”

शांतवन उठला. पाठीची माती झटकली.

“हे काय केलं?”

“माप घेतलं. खड्ड्याचं.”

“माझं?”

“मग कुणाचं घेऊ? त्याला तर तू बघायलाही तयार नाहीस.”

“मी हो म्हटलेलं नाही, बाबा.”

“ठाऊक आहे. नाही म्हणायचा हक्क तुला आहे.” बाबांनी दोरी त्याच्या हातात दिली आणि परत सुपाशी बसले. “खणायचं नसेल तर दोरी परत आण. मला विहिरीवर लागते.”

शांतवन दोरी धरून उभा राहिला. गाठीवरून अंगठा फिरवत राहिला.

मग पागोटं तिथंच विसरून तो बाहेर पडला.

*

जमादार मागोमाग कबरस्तानात गेला. म्हणाला, “हवालदारसाहेब, कैदी आणतो. ते खणतील. तुमचं वय झालं.”

“माझ्या पोराच्या जागेला परक्याचा टिकाव लागायचं नाही,” शांतवन म्हणाला.

त्यानं मांडलेले दगड एकेक उचलले आणि मार्थाच्या कबरीच्या उशाशी रचून ठेवले. दोरी जमिनीवर टाकली. गाठीपर्यंत रेघ ओढली. आणि टिकाव घातला.

वर माती होती, खाली मुरूम निघाला. टिकावातून ठिणग्या उडायच्या. शांतवनाचा सदरा भिजला, वाळला, पुन्हा भिजला. तो थांबला नाही. कुणाशी बोलला नाही. फक्त एकदा, कंबरेइतका खाली गेल्यावर, मार्थाच्या कबरीकडे बघून काहीतरी पुटपुटला. जमादारानं मान दुसरीकडे वळवली.

दुपार कलली तेव्हा कैदी आले. चौघांनी प्रेत एका बाजेवर आणलं होतं, कँपातल्या चादरीत गुंडाळून. त्यांनी बाज फाटकापाशी ठेवली आणि टोप्या काढून उभे राहिले.

त्यांतला एक केस पिकलेला कैदी पुढे आला. खड्ड्यात डोकावला. म्हाताऱ्याला धाप लागलेली त्यानं पाहिली. काठावर पडलेलं घमेलं उचलून खड्ड्यात दिलं आणि खाली वाकून हात पुढे केला.

काहीतरी बोलला. शांतवनाला एक अक्षर कळलं नाही.

“काय म्हणतो हा?”

“मला तरी काय कळतंय?” जमादार म्हणाला. “पण हात पुढं केलाय.”

शांतवनानं त्या हाताकडे पाहिलं. हाताला रस्त्याच्या खडीनं घट्टे पडले होते. बराच वेळ पाहिलं... मग फावड्यानं सुटा मुरूम घमेल्यात भरला. कैद्यानं घमेलं वर ओढलं, ओतलं, परत दिलं. शांतवनानं पुन्हा भरलं.

टिकाव मात्र त्यानं सोडला नाही.

ऊन उतरलं तसे रखमाजीबाबा काठी टेकत आले. बगलेत शांतवनाचं पागोटं होतं. ते त्यांनी मार्थाच्या उशाशी रचलेल्या दगडांवर ठेवलं. लहानशी प्रार्थना केली. मराठीतच केली. कैद्यांनी आपापल्या परीनं छातीवर क्रूस काढला.

शांतवन आता वर येऊन काठाशी उभा होता.

पेटी नव्हती. चादरीत गुंडाळलेलं माणूस वरून सोडता येत नाही. कुणीतरी खाली उतरून हातावर घ्यावं लागतं. कैद्यांनी चादरीची टोकं धरून प्रेत काठाशी आणलं आणि थांबले. एकमेकांकडे बघू लागले. केस पिकलेला कैदी पुढे सरकला आणि मग शांतवनाकडे बघून तोही थांबला.

वाऱ्यानं चादर अंगाला चिकटली. तेव्हा दिसलं, आतला माणूस लहानखुरा होता. जेमतेम शांतवनाच्या खांद्याला लागला असता.

शांतवनानं चादरीकडे पाहिलं. खड्ड्याकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदा त्याची मान खाली गेली.

“बाबा... खड्डा मोठा झाला.”

“बरं झालं,” बाबा म्हणाले. “घेणाऱ्याला उभं राहायला जागा लागते.”