राजबागेची वाटी

देवाशपथ सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा. मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा माझे पणजोबाही जन्मले नव्हते म्हणा, पण ते असो.

एका राज्यात पाटाचं पाणी सर्वांना पाळीनं मिळे. तळाला भोक पाडलेली तांब्याची वाटी हौदात सोडायची. ती भरून बुडाली की पाळी संपली. थोर असो, लहान असो, वाटी एकच. पण राजा प्रतापध्वजानं आपल्या सोन्याच्या आंबराईसाठी गुपचूप निराळी वाटी घडवली. तिचं भोक राईएवढं. ती बुडता बुडत नसे. ही लबाडी फुटली आणि जो तो घरून आपापली वाटी आणू लागला. काहींनी तर भोकच पाडलं नाही! कोणी कोणाचं ऐकेना. मग एका सकाळी पाटातलं पाणी दगड झालं.

राजकन्या कुवलया धावत पाटावर आली. लोक गाड्या भरून देश सोडत होते. तिला अंगावर पाजून वाढवणारी तुळसाक्काही बैल जुंपत होती.

"आक्का, मी पाणी सोडवते. थांबाल?"

"तुझ्यासाठी ऊन डोक्यावर येईस्तोवर थांबू, बाळ. तुझ्या बापासाठी पापणी लवेपर्यंतही नाही."

पाटावरची साळुंकी म्हणाली, "राजकन्ये, कामं तीन. कोषागारातल्या नागाच्या विळख्यातून राजाची वाटी आण. सर्वांदेखत फोड. आणि तुझ्या नव्हे, ज्यानं फसवलं त्याच्याच तोंडून तसं वदव."

कुवलया तडक कोषागारात शिरली. तिथे राजाच्या जादूगारानं बसवलेला नाग फुत्कारला, "राजाज्ञेवाचून वाटी मिळणार नाही."

"राजाज्ञा आता मानतो कोण?"

नागानं क्षणभर विचार केला आणि विळखा सोडला.

पाटावर येऊन तिनं वाटी दगडानं ठेचली. पाणी हललं नाही. गर्दीतून कोणी ओरडलं, "आंबराईत दुसरी असेल की!" लोक हसले. ऊन चढत होतं. कुवलया मागे वळली, ती थेट दरबारात.

"तात, चला. तुमच्या तोंडून सांगा."

"चूक कबूल केली, तर माझं ऐकेल कोण?"

"आज कोण ऐकतंय?"

राजा उठला. पाटाच्या काठी उभा राहिला. सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाला: "वाटी मी घडवली. तुमचं पाणी मी चोरलं."

दगडाला पाझर फुटला. पाट खळाळू लागला.

"आंबराईची पाळी शेवटची," राजा म्हणाला.

"आणि वाटी आम्ही सोडू," तुळसाक्का म्हणाली. तिनं बैलांचं जू उतरवलं. घरोघरच्या वाट्या वितळवून एकच वाटी घडली. तिचं भोक सर्वांनी डोळ्याला लावून पाहिलं. त्या साली सोन्याचे आंबे वाळून गेले, आणि माणसं राहिली.

आता खरं सांगतो. नाग खरा, साळुंकी खरी, दगडाचं पाणी झालं तेही खरं. राजा आपल्या पायांनी आला, तेवढं मात्र माझ्या पदरचं. कुवलयेनं त्याला मनगट धरून ओढत आणलं होतं, आणि तो वाटभर हात सोडवत होता.