माळावर नसलेली वस्ती

गवताळ माळावर धनगरांची वस्ती होती. ठकूबाई कोळपे रस्ता मागायला पूर्वेच्या ग्रामपंचायतीत गेली, तर "तुम्ही पश्चिमेच्या हद्दीत," असं उत्तर मिळालं. पश्चिमेची पंचायत पूर्वेकडे बोट दाखवी. मग आपण राहतो तरी कुठं, हेच तिला उमजेना.

शेवटी गटविकास अधिकारी स्वतः आले. नकाशा पसरून गुरकावले, "बाई, इथं वस्तीच नाही. रस्ता कुणासाठी करू?"

साहेब परत निघाले आणि त्यांची जीप चिखलात रुतली. ते ओरडले, "अहो, चार माणसं बोलवा!"

ठकूबाई डोकं खाजवत म्हणाली, "कुठून बोलवू, साहेब? वस्तीच नाही म्हणालात ना?"

घोटाभर चिखलात साहेब चुळबुळले. "आहे बाई, वस्ती आहे! रस्ताही होईल!"

तेव्हा कुठं माणसं धावली, आणि दिवाळीच्या आत माळावर मुरूम पडला.